लाल रेघ गेली म्हणजे झालं?

डिचोलीची टीचर | रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. इतके दिवस इथे फक्त वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अकरावीला ‘बाजारातली सकाळ’ असा निबंध दिला होता. यंदा पहिल्यांदाच टाइप करून आणायला सांगितलं. एका मुलाच्या निबंधात हे वाक्य आलं: ‘आई दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नुसते आणायला जाते. नुसते ताजे मिळाले तर ती हसत घरी येते, नाही तर दुपारपर्यंत कोणाशी बोलत नाही.’

मी समासात लिहिलं, ‘नुसते काय?’ दुसऱ्या दिवशी पोरगा वही घेऊन आला. म्हणाला, "टीचर, मी नुस्ते लिहिलं होतं. खाली कंप्युटरची लाल रेघ आली. दाबलं तर त्याने नुसते दिलं. मग रेघ गेली."

"अरे, पण अर्थ बदलला हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं टीचर. पण रेघ गेली ना."

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, नुस्ते म्हणजे मासे. नुसते म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

मी वर्गात विचारलं, अजून कोणी असं दाबून बदललंय? निम्म्याहून जास्त हात वर. आणि सगळ्या वर्गाचा एकच सुर: कंप्युटरने सांगितलं म्हणजे तेच बरोबर असणार.

घरी येऊन मी स्वतः चार वाक्यं टाइप करून बघितली.
‘आईने भाकरी भाजला.’
‘बाबांनी मला दोन पुस्तक दिली.’
‘उद्या आम्ही मडगावला गेलो होतो.’
‘आजी पडवीत सुंगटां सोलत बसली होती.’

पहिल्या तिन्हींना काही नाही. चौथ्यात ‘सुंगटां’खाली (म्हणजे कोळंबी) रेघ. म्हणजे चारांतलं जे एकच वाक्य ठीक होतं त्यालाच दोष.

तुम्ही तुमच्या मुलांना, विद्यार्थ्यांना काय सांगता? ही सोय बंदच करून टाकायची का?

म्हापसेकार | रविवार, रात्री ९.४१

‘नुसते ताजे मिळाले तर ती हसत घरी येते.’ टीचर, हे वाक्य मी फ्रेम करून स्वयंपाकघरात लावणार. आमच्याकडे इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव ऐकून मी दुपारपर्यंत कोणाशी बोलत नाही.

अर्धविराम | रविवार, रात्री १०.१५

पणजीत एका दैनिकात बावीस वर्षं मुद्रितशोधक होतो, आता घरी असतो. टीचर, तुमच्या चार वाक्यांचं मला नवल नाही वाटलं. मराठीसाठी जे फुकट मिळतं त्यातलं बरंचसं व्याकरण तपासतच नाही. ते एकेक सुटा शब्द उचलतं, आपल्या यादीत आहे का बघतं, नसला तर रेघ मारतं. ‘भाजला’ यादीत आहे, ‘भाकरी’ही आहे. दोघांचं जमतं की नाही हे त्याला कोणी विचारलेलंच नाही.

आमच्या धंद्यात सगळ्यात घातक चूक तीच, जी दुसरा चांगला शब्द होऊन बसते. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे दोरा. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सलिल म्हणजे पाणी, सलील म्हणजे लीलेने. हे सगळे यादीत आहेत, त्यामुळे कुठला कुठे पडला याचा यंत्राला पत्ता नाही.

एक माझ्याच हातून गेलेली सांगतो. एका देवस्थानच्या कार्यक्रमाची बातमी होती. बाहेरगावचे मोठे संस्कृत पंडित आले होते. छापून आलं, ‘समितीच्या वतीने आचाऱ्यांना शाल व श्रीफळ देण्यात आले.’ आचार्यांना पाहिजे होतं. र आणि य यांच्यामधली एवढीशी खूण आणि पंडितांचे स्वयंपाकी झाले. ती ओळ मी दोनदा वाचली होती. संगणकाने एकदा. तिन्ही वेळा दिसली नाही. सकाळी समितीचे अध्यक्ष फोनवर होते, आणि खरं सांगू का, महाप्रसाद करणाऱ्या आचाऱ्याने ते कात्रण जपून ठेवलं असं नंतर कळलं.

पोदेर | रविवार, रात्री १०.३२

पूण ‘नुस्तें’ हो कोंकणी शब्द. मराठी निबंधात आला तर रेघ येणारच. सॉफ्टवेअर बरोबर आहे, टीचरच चुकली. :)

म्हापसेकार | रविवार, रात्री १०.३६

आलास? मी वाटच बघत होतो.

कुळागर | रविवार, रात्री १०.५०

पोदेर, मग माटोळी, चवथ, कुळागर, भाटकार, मुंडकार हे सगळे पण काढा आमच्या मराठीतून. राहील काय? पुण्याचा निबंध.

आणि अवांतर, पण तोंडावर आलंच आहे म्हणून. कोंकणीचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं फादर स्टीफन्सनी. माणूस इंग्रज, पुस्तक पोर्तुगीज भाषेत, छापलं रायतूरला १६४० साली, तेही तो वारल्यावर. तेव्हा आपण कसं बोलतो हे दुसऱ्या कोणीतरी येऊन सांगायची आपल्याला चार शतकांची सवय आहे. लाल रेघ त्या मानाने कालची.

सांजवात | रविवार, रात्री ११.०२

कोंकणी-मराठी राजभाषेवर आपण १९८७ पासून भांडतोय, त्याला वेगळे धागे आहेत. इथे तो मुलगा आणि त्याचं नुस्ते एवढंच राहू द्या, ही विनंती.

वेर्णेकर | सोमवार, सकाळी ७.५५

कामावर जाताना बसमध्ये लिहितोय. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, भाषेच्या साधनांवर थोडं काम केलंय, म्हणून यंत्राची बाजू मांडतो. बाजू म्हणजे बचाव नव्हे.

अर्धविराम काकांनी यादी म्हटलं ते बरोबर, पण यादी करणं मराठीत किती कठीण आहे ते बघा. ‘घर’ एक शब्द. त्याचे घरात, घराला, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांच्यासाठी, घराबाहेरचं, घरापर्यंतच, घरासारखं असे होत जातात. वर ‘मूल’चं मुला, ‘पाणी’चं पाण्या, ‘बहीण’चं बहिणी. सगळी रूपं यादीत घालणं शक्य नाही. म्हणून मूळ शब्द आणि त्याला काय काय चिकटतं याचे नियम असं वेगवेगळं ठेवतात. लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्समध्ये जे हनस्पेल नावाचं यंत्र आत बसलेलं असतं, ते एका हंगेरियन माणसाने हंगेरियन भाषेसाठी बनवलं, कारण त्यांच्याकडेही शब्दाला शेपट्या लागत जातात. आपण त्यात आपली मराठी घालतो. नियमात एखादी शेपटी राहून गेली की शुद्ध शब्दाखालीही रेघ.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना कधीच कोणी सांगत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप करायच्या दोन तऱ्हा आहेत. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर वापरतात. काही साधा र, पाय मोडायची खूण आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. यादीत एक असला तर दुसऱ्याखाली रेघ. ‘ॲप’चंही तेच. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, त्याआधी अ काढून त्यावर अर्धचंद्र ठेवायचे, आणि तसं टाइप करणारे कीबोर्ड अजून आहेत. मुलगा बिचारा शब्द परत परत बघतो, चूक दिसत नाही, कारण चूक नाहीच. माझ्या बहिणीच्या मुलीने वैतागून ‘दुसऱ्या दिवशी’चं ‘पुढच्या दिवशी’ करून टाकलं होतं. म्हणजे न दिसणाऱ्या चिन्हापायी वाक्य बदललं.

तिसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. संध्याकाळी लिहितो, वेर्णा आलं.

मडगावची आई | सोमवार, दुपारी १२.१०

माझा मुलगा इंग्रजी माध्यमात, मराठी एक विषय. त्याच्याकडे नुसती रेघ मारणारं नाही, सगळं वाक्यच नवं करून देणारं आहे. त्याची गंमत ऐका. गंमत म्हणजे काय, मी दोन दिवस जेवले नाही नीट.

माझे सासरे चोडणचे. खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत, शेती होती. मुलाने आजोबांवर लिहिलं, ‘भरतीला मानशीच्या दारातून पाणी आत यायचं आणि ओहोटीला ते परत निघालं की आजोबा तिथे जाळं लावायचे.’ मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं पाण्याचं दार, तुम्हाला माहीत असेलच. यंत्राने करून दिलं: ‘भरतीच्या वेळी मनाच्या दारातून पाणी आत येत असे आणि ओहोटीला ते परतू लागले की आजोबा तेथे आपले जाळे पसरत असत.’

आजोबा एकदम संत झाले.

वाक्य बघा तुम्ही. शुद्धलेखन चोख. व्याकरण चोख. ‘असे’, ‘असत’ म्हणजे पुस्तकी थाट पण आला. मुलाला ते आवडलं, तसंच दिलं. आणि बाईंनी समासात शेरा दिला, ‘सुंदर कल्पना!’

सासरे असते तर म्हणाले असते, मानशीचा लिलाव मी भरलेला, मनाचा कोणी लिलाव केला?

आता मला सांगा, यात चूक कोणाची धरायची? मुलाला मानस माहीत होती. यंत्राला नव्हती. बाईंनाही नव्हती.

अर्धविराम | सोमवार, दुपारी १२.४०

मडगावची आई, हात जोडले. बावीस वर्षांत इतकी देखणी चूक माझ्या हाती आली नाही.

वाळपईची | सोमवार, सायंकाळी ५.३०

सगळे हसताय म्हणून थोडं वेगळं लिहिते. राग मानू नका.

मी सत्तरी तालुक्यातली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. निबंध लिहिल्यावर तो बघून देणारं घरी कोणी नव्हतं. शाळेत सरांकडे वही जायची ती तीन आठवड्यांनी परत यायची, त्यात लाल शाईचे गोल आणि खाली ‘शुद्धलेखन सुधारा’. कसं सुधारायचं ते नाही. ‘की’ दीर्घ लिहायचा हे मला बारावीपर्यंत माहीत नव्हतं, मी हिंदीसारखा ‘कि’ लिहायचे. मोबाइलमध्ये रेघ आली तेव्हा कळलं. रात्री अकरा वाजता कळलं, कोणासमोर नाही, आणि कोणी हसलं नाही.

माझ्या मामेभावाला डिस्लेक्सिया आहे. तो पाचवीपासून फळ्यावर लिहायला उठत नाही. टाइप करायला लागल्यापासून तो पानभर लिहितो. तुम्ही सोय बंद करणार म्हणजे त्याची पाटी परत कोरी करणार.

आणि सर, टीचर, एक विचारू? तुमच्या वर्गात साठ मुलं असतात. साठ निबंध तुम्ही ओळ न ओळ वाचता का?

डिचोलीची टीचर | सोमवार, रात्री ८.०५

वाळपईची, राग कशाला मानू. खरं सांगते, नाही वाचत. दोन तुकड्या आहेत. पहिले वीस निबंध नीट वाचते, पुढचे डोळे चालतील तसे. ‘नुसते’ सापडलं कारण तो निबंध गठ्ठ्यात वरून चौथा होता. अठ्ठेचाळिसावा असता तर कदाचित मीही ‘सुंदर कल्पना’ लिहिलं असतं.

‘की’चं तू म्हणतेस ते पटलं. कोंकणी आणि मराठी दोन्ही लागोपाठच्या तासांना शिकणारी मुलं अनुस्वारांची सरमिसळ करतात, कोंकणीतले शेवटचे अनुस्वार मराठीत आणतात. ते यंत्र बरोब्बर पकडतं, माझ्याहून जास्त वेळा. तिथे मी त्याच्याशी भांडणार नाही.

पण ते जे पकडत नाही त्याचा एक नमुना सांगते, आमच्याकडचाच. कोंकणीत लहान मुलीला ‘तें’ म्हणतात, ‘तें आयलें’. तेच मनात असतं आणि मराठीत उतरतं. एका मुलीने लिहिलं, ‘माझी धाकटी बहीण शाळेतून आली. ते म्हणाले, मला भूक लागली.’ ‘ते म्हणाले’ हे मराठीत निर्दोष आहे. आदरार्थी, पुल्लिंगी. सहा वर्षांची बहीण एका ओळीत कोणीतरी गृहस्थ झाली. रेघ कुठेच नाही. कारण दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबर आहेत, चूक त्यांच्या मधल्या पूर्णविरामात आहे.

मी तिला फक्त एवढंच विचारलं, कोणाला भूक लागली? तिचं तिनेच हसून दुरुस्त केलं.

वेर्णेकर | सोमवार, रात्री ९.३०

सकाळची तिसरी गोष्ट. टीचरनी उदाहरण आयतं दिलंच.

व्याकरण तपासणारी यंत्रं किती चांगली हे मोजतात तेव्हा दोन आकडे बघतात. त्याने दाखवलेल्या चुकांतल्या खऱ्या किती, आणि खऱ्या चुकांतल्या त्याने दाखवल्या किती. इंग्रजीसाठी २०१४ मध्ये अशा यंत्रांची एक परीक्षा झाली, तेव्हापासून जी मोजणी रूढ आहे तिच्यात पहिल्याला दुसऱ्याच्या दुप्पट वजन आहे. कारण साधं आहे, बरोबर वाक्याला चूक म्हटलं की लिहिणारा चिडतो आणि यंत्र बंद करतो. चूक सुटली तर त्याला कळतही नाही. म्हणून शंका असली की यंत्राने गप्प बसायचं, अशीच त्याची घडण होत जाते.

आता विद्यार्थी काय समजतो? रेघ नाही म्हणजे पास. यंत्राचं म्हणणं मात्र एवढंच असतं की मला खात्री नाही म्हणून मी बोलत नाही. दोघांमधला हा गैरसमज कोणी दूर करत नाही. पडद्यावर कुठे तसं लिहिलेलं नसतं, उलट काही ठिकाणी शंभरपैकी गुण देऊन हिरवी खूण दाखवतात.

आणि माणसांचं तरी एकमत असतं असं समजू नका. त्याच २०१४ च्या परीक्षेतले निबंध पुढे दहा जणांना वेगवेगळे तपासायला दिले होते, ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. दहाही जाणकार. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याला मान्य असेलच असं नव्हतं. एकाच वाक्याच्या बऱ्याच बरोबर दुरुस्त्या असू शकतात, आणि कुठली हवी ते लिहिणाऱ्याच्या मनात असतं.

ताळगावचा | सोमवार, रात्री १०.१०

वेर्णेकरांना पूरक. इंग्रजीची यंत्रं एवढी पुढारलेली म्हणतो आपण, तर २००५ साली वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक संदीप कृष्णमूर्ती यांनी मुद्दाम मोडकीतोडकी वाक्यं रचून वर्डला दिली होती. कर्ता एकवचनी, क्रियापद अनेकवचनी, विशेषणं भलतीकडे. बरीच सुखरूप पार झाली. आता यंत्रं पुष्कळ सुधारलीत हे खरं, पण माझं विद्यार्थ्यांना इंग्रजीत प्रबंध लिहिताना बघून झालेलं मत असं की नवी अडचण वेगळी आहे. प्रयोगवहीत कर्मणी प्रयोग लागतो, द्रावण तापवले गेले असंच लिहायचं असतं. यंत्र दर वेळी सांगतं की कर्तरी करा, वाक्य जोरकस होईल. मुलं करतात. मग सगळ्या वहीत मी तापवलं, मी गाळलं, मी मोजलं. गाइड वैतागतात.

वर आणखी एक. यंत्राकडून घासूनपुसून घेतलेला मजकूर दुसरं यंत्र ‘हा माणसाने लिहिलेला नाही’ म्हणून कधी कधी पकडतं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी अशी ७ शोधक यंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे, माणसांनीच लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. साधे शब्द, साधी वाक्यं, म्हणून संशय. म्हणजे आमच्या पोराने स्वतः लिहिलं तरी मेला, आणि दुरुस्त करून घेतलं तरी संशय टळेलच असं नाही.

पोदेर | सोमवार, रात्री १०.२५

आमच्या भट्टीला बरें. पाव करपला तर कोणी लाल रेघ मारत नाही, थेट परत आणून देतात.

पंतोजी | मंगळवार, सकाळी ६.१०

सर्वांस नमस्कार. फोंड्याकडे छत्तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालो. टंकनास वेळ लागतो, म्हणून पहाटे बसलो.

साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम १९६२ चे, त्यात १९७२ साली चारांची भर पडली, मिळून अठरा. अठरा नियम. हे एका पानावर मावतात. अकारान्त मराठी शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ, म्हणून खीर, मूल. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले मुळाप्रमाणे, म्हणून गुण, विष, रसिक. शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून कवी, गुरू. पण समासात पुढे गेले की मूळ ऱ्हस्व परत येतो, कविराज, गुरुदक्षिणा. त्याच न्यायाने प्राणी पण प्राणिसंग्रहालय, मंत्री पण मंत्रिमंडळ. मुलाला हे कारण समजले की त्याला पक्षिमित्र, पक्षितीर्थ, असे कधी न पाहिलेले शब्दही लिहिता येतात. यंत्र मात्र ‘प्राणी’खाली काही म्हणत नाही, ‘प्राणीसंग्रहालय’खाली कधी म्हणते कधी नाही, आणि म्हटले तरी कारण सांगत नाही. वाळपईच्या कन्येची तक्रार हीच होती ना, की सरांच्या गोलात कारण नव्हते? मग रेघेतही ते नाही. शाई बदलली एवढेच. तिची तक्रार आम्हा शिक्षकांवर आहे आणि ती खरी आहे.

बंद करू नका. मी एक करीत असे, तेव्हा संगणक नव्हता, वर्गातील हुशार मुलाने तपासलेली वही वापरीत असे. आता यंत्राची वापरा. रेघांसकट पान छापून घ्या. प्रत्येक रेघेशेजारी विद्यार्थ्याने तीनपैकी एक लिहायचे: मान्य, अमान्य, ठाऊक नाही. मान्य असल्यास का, अमान्य असल्यास का, एका ओळीत. ‘ठाऊक नाही’ला गुण कापायचे नाहीत, उलट तेवढेच फळ्यावर घ्यायचे. साठ निबंध वाचण्यापेक्षा साठ जणांचे ‘ठाऊक नाही’ वाचणे सोपे जाते, अनुभवाने सांगतो.

आणि निबंध मोठ्याने वाचायला लावा. भाकरी भाजला हे कानाला लगेच टोचते, डोळ्याला नाही.

कुळागर | मंगळवार, सकाळी ८.००

पंतोजी सर, ‘ठाऊक नाही’ला गुण कापायचे नाहीत हे आमच्या वेळी सांगितलं असतं तर मी आज साहित्यिक झालो असतो.

वाळपईची | मंगळवार, सकाळी ८.४०

पंतोजी सर, तुमचा शब्द लागला आणि बरंही वाटलं. एक शंका आहे. अमान्य लिहायला धीर लागतो. डिचोलीच्या टीचरांच्या मुलाला नुस्ते बरोबर आहे हे माहीत होतं, तरी त्याने बदललं. त्याला नियम कमी पडला नाही. आपल्या घरचा शब्द निबंधात चालतो हे त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा कॉलेजात गेल्यावर ‘रोस’, ‘नीज’, ‘आमी’ सगळं काढून टाकलं. यंत्र यायच्या आधी काढलं.

पंतोजी | मंगळवार, सकाळी ९.१५

बाय, बरोबर आहे. यावर माझ्यापाशी उत्तर नाही. मीही अनेक वह्यांतून ते शब्द खोडले आहेत.

डिचोलीची टीचर | पुढचा सोमवार, रात्री ९.००

पंतोजी सरांचं करून बघितलं. थोडक्यात सांगते, सगळं काही झकास झालं असं नाही. एका तुकडीत प्रिंटर बंद पडला. काही मुलांनी सरसकट सगळीकडे ‘मान्य’ लिहिलं आणि कारणाच्या जागी ‘कारण बरोबर आहे’. पण ‘ठाऊक नाही’ एकशे तीसच्या वर निघाले, मी स्वतः मोजले. त्यातले जवळपास चाळीस एकाच प्रश्नाचे, ‘ऱ’च्या रेघेचे. वेर्णेकर, तुमचं न दिसणारं जोडचिन्ह फळ्यावर काढायला सांगितलं मुलांनी. न दिसणारं कसं काढू? शेवटी र, पाय मोडलेला, आणि मध्ये रिकामा चौकोन काढला. त्यांना एवढं आवडलं की आता कुठेही अडलं की ‘टीचर, इथे चौकोन असेल’ म्हणतात.

म्हापशाच्या मुलाने नुस्ते परत घातलं. अमान्य, आणि कारण: ‘नुसते आणायला कोणी शुक्रवारची वाट बघत नाही.’

मडगावची आई, तुमच्या परवानगीशिवाय मानशीचं वाक्य वर्गात वाचलं, नावगाव न सांगता. दिवाडीची एक मुलगी पहिल्याच ओळीला हसली. बाकी कोणी नाही. मग तिनेच सगळ्यांना मानस समजावून सांगितली, हाताने दार वर-खाली करून.

मडगावची आई | पुढचा सोमवार, रात्री ९.२५

परवानगी आहे. सासऱ्यांची पण आहे असं धरा.

अर्धविराम | पुढचा सोमवार, रात्री १०.४५

टीचर, छान. आता एक धंद्यातली खोड, माफ करा. पूर्ण धागा आज तिसऱ्यांदा वाचला तेव्हा दिसलं. तुमच्या पहिल्याच लेखात आहे, ‘सगळ्या वर्गाचा एकच सुर’. सूर पाहिजे. सुर म्हणजे देव. इतके दिवस झाले, आपण सगळ्यांनी वाचलं, पंतोजी सरांनीही, आणि माझ्या मोबाइलने तिथे रेघ मारलेली नाही.

डिचोलीची टीचर | पुढचा सोमवार, रात्री १०.५८

अगंबाई. वर्गाचा एकच देव, कंप्युटरने सांगितलं म्हणजे तेच बरोबर.

काका, हे मी दुरुस्त करत नाही. उद्या पहिल्या तासाला छापून नेते.